जपानी विणकामाचीं पुस्तकें कशीं मिळवावीं?

मार्गशीर्ष लागला कीं आमच्या कनेरगाव नाक्याच्या वाऱ्यास धार येते. हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मराठवाडा व विदर्भ यांच्या शिवेलगत आमचें हें गांव आहे. येथील थंडी सिमल्याची नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु पहांटे अंगणांत बंब पेटविणाऱ्यास आणि पाळण्यांतील तान्ह्या लेंकरास ती पुरेशी असते. म्हणूनच दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोंच जुन्या लोंकरीचे गुंडे माळ्यावरून खालीं येतात, व दुपारच्या वेळीं ओटीवर सुया वाजूं लागतात. या महिन्यांत वाचकभगिनींशीं याच विषयावर, परंतु जरा निराळ्या बाजूनें, बोलावें असा आमचा मानस आहे.

आमच्या घरांतील थोरल्या काकू आतां ऐंशीच्या पुढें गेल्या. घरांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाचें पहिलें टोपडें त्यांच्या हातचें. त्या टोपड्यावर पिंपळाच्या पानांची एक वीण असते. देठापाशीं बारीक जाळी, मध्यें फुगीर पान, आणि टोंक डावीकडे किंचित् कललेलें. ही वीण काकूंना येते, पण सांगतां येत नाहीं. विचारलें तर म्हणतात, "अग, हातच सांगतो." मध्येंच कोणी हांक मारली तर त्या ओळ उसवून पुनः आरंभापासून धरतात, कारण त्यांचा हिशेब बोटांत आहे, डोक्यांत नाहीं. आमच्या धाकट्या सूनबाई दोन हिवाळे त्यांच्या शेजारीं वही घेऊन बसल्या. 'दोन सुलटे, धागा पुढें, दोन एकत्र' असें लिहितां लिहितां तीन पानें भरलीं; पण त्यावरून विणलेलें पान दर खेपेस वांकडेंच निघालें. यंदा काकूंच्या उजव्या हाताचा अंगठा कांपूं लागला, तेव्हां घरांत कोणीं बोलून दाखविलें नाहीं तरी सर्वांस कळलें कीं, अंगठा थांबला म्हणजे पानही गेलें.

अशा वेळीं सूनबाईंनीं नागपुरास एका मैत्रिणीकडे एक जपानी पुस्तक पाहिलें. त्यांतील अक्षर एकही वाचतां येईना. तरी तासाभरांत त्यांतला एक नमुना बिनचूक विणून झाला. घरीं येतांच त्या म्हणाल्या, "मला हें पुस्तक हवें." घरांत राहणाऱ्या सुनेनें स्वतःसाठीं कांहीं मागण्याचा प्रसंग किती क्वचित् येतो, हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नको. त्या मागणीमागें काय होतें, तें मात्र आम्हांस पुढें कळलें.

अक्षर न वाचतां पुस्तक वाचतां येतें, हें कसें? आपल्याकडे, व बऱ्याच इंग्रजी पुस्तकांतही, विणीची कृति शब्दांत लिहिण्याची चाल पडली. वाचणाऱ्याचें बोट एका ओळीवरून घसरलें कीं सारा परिच्छेद पुनः आरंभापासून. जपानी पुस्तकांत चौकटींचा एक आलेख असतो. एक चौकट म्हणजे एक टांका, एक आडवी रांग म्हणजे एक ओळ. उभी रेघ म्हणजे सुलटा टांका, आडवी रेघ म्हणजे उलटा, आणि वाटोळें शून्य म्हणजे सुईवर धागा घेऊन केलेलें जाळीचें भोंक. दोन टांके एकत्र घ्यावयाचे असल्यास दोन तिरप्या रेघा एकमेकींवर झुकलेल्या असतात, व कोणती रेघ वर आहे यावरून कोणता टांका वर राहील तें समजतें. चिन्ह टांक्याचें नुसतें नांव सांगत नाहीं, तर त्याचें रूप दाखवितें. आलेखाकडे पाहिलें कीं विणून झालेलें कापड डोळ्यांपुढें उभें राहतें. शिवाय हीं चिन्हें प्रत्येक लेखिकेनें आपापल्या मनानें ठरविलेलीं नाहींत. जपानच्या औद्योगिक मानकांत 'एल ०२०१' या क्रमांकाखालीं तीं नोंदलेलीं आहेत. त्यामुळें एका पुस्तकाचीं चिन्हें ज्यास आलीं त्यास दुसरें पुस्तक परकें वाटत नाहीं.

विणकाम हें जपानचें मूळचें नव्हे. तें पोर्तुगीज व स्पॅनिश लोकांच्या मोज्यांबरोबर तेथें गेलें. साध्या सुलट्या विणीस जपानींत 'मेरियासु' म्हणतात, तो शब्दही त्यांच्या मोज्याच्या शब्दावरूनच आला. आपला 'पाव' आणि जपानी 'पान' हे एकाच पोर्तुगीज भट्टींतून निघाले, तसाच हा प्रकार. कला बाहेरून आली. ती लिहून ठेवण्याची शिस्त मात्र त्यांनीं आपली बनविली.

आतां पुस्तकें शोधावींत कशीं, याकडे वळूं. ज्यांस हा मार्ग नवा आहे त्यांनीं आरंभ इंग्रजी भाषांतरापासून करावा असें आमचें मत आहे. हितोमि शिदा या लेखिकेचे दोन विणसंग्रह टटल या प्रकाशनसंस्थेनें इंग्रजींत आणिले आहेत. दोनशें साठ विणींचा संग्रह २०१७ सालीं व दोनशें पन्नास विणींचा २०१८ सालीं निघाला. यांत चिन्हांची फोड इंग्रजींत दिलेली आहे, आणि आलेख मूळचेच आहेत. हिंगोली-वाशीमच्या दुकानांत असें पुस्तक मांडलेलें दिसणार नाहीं. पण शहरांतील पुस्तकविक्रेत्यास नांव कळविल्यास तो मागवून देऊं शकतो, अथवा घरबसल्या मोबाइलवरूनही मागवितां येतें. हें एक पुस्तक पचलें म्हणजे मूळ जपानी पुस्तकांचा दरवाजा उघडला.

मूळ पुस्तकें घ्यावयाचीं तर दोन प्रकाशनांचीं नांवें ध्यानांत ठेवावींत. एक 'निहोन व्होग', जी १९५४ सालापासून हस्तकलेच्या पुस्तकांचेंच काम करीत आली आहे. तिचें 'केइतो-दामा' नांवाचें त्रैमासिकही आहे, व त्या नांवाचा अर्थ 'लोंकरीचा गुंडा' असाच आहे. दुसरी 'बुंका', जी तोक्योंतील शिवणकलेच्या प्रसिद्ध विद्यालयाशीं निगडित आहे. पुस्तक हुडकतांना नांवापेक्षां क्रमांकावर भर द्यावा. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर तेरा आंकड्यांचा आयएसबीएन क्रमांक असतो. जपानांत छापलेल्या पुस्तकाचा क्रमांक ९७८-४ असा सुरू होतो, तर आपल्या देशांतील पुस्तकाचा ९७८-८१ किंवा ९७८-९३ असा. जपानी नांव रोमन लिपींत दहा जण दहा परींनीं लिहितात, पण क्रमांक एकच राहतो. ज्या पुस्तकाची कोणीं शिफारस केली असेल त्याचा क्रमांक आधीं मागून घ्यावा, मग दुकानदार कोठलाही असो, घोटाळा होत नाहीं.

हा सल्ला आम्हांस फुकट मिळालेला नाहीं. पहिल्या खेपेस आम्हीं केवळ मुखपृष्ठावरचें चित्र पाहून एका विक्रेत्याकडे मागणी नोंदविली. चित्रांत एक सुरेख पांढरी बंडी होती. तीन आठवड्यांनीं पुडकें आलें, सारें घर भोंवतीं जमलें, सूनबाईंनीं पहिलें पान उलगडलें, आणि त्यांचा चेहरा उतरला. पुस्तक क्रोशाचें होतें! एकही नमुना दोन सुयांचा नव्हता. परत पाठविण्याचा खर्च पुस्तकाच्या किंमतीच्या घरांत जाऊं लागला, तेव्हां तें ठेवून घ्यावें लागलें. चूक विक्रेत्याची फारशी नव्हती. आम्हीं नांव वाचण्याचे कष्ट घेतले नव्हते. जपानींत दोन सुयांच्या विणकामास 'बोबारी' व क्रोशाच्या आंकडीस 'कागिबारी' म्हणतात. विणकाम या अर्थीं 'आमिमोनो' हा शब्द दोहोंसही चालतो, म्हणून तेवढ्यावर विसंबूं नये.

हे शब्द जपानी लिपींत ओळखावयाचे तर थोडा अभ्यास लागतो, पण तो वाटतो तितका अवघड नाहीं. जपानी अक्षरमालेचा क्रम आ, इ, उ, ए, ओ, आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. हा क्रम बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या सिद्धम् लिपीच्या, म्हणजे संस्कृत वर्णमालेच्या, अभ्यासांतून तेथें रुजला. ज्या घरांत मुलांस लहानपणीं बाराखडी पाठ करविली जाते, त्या घरास ही मांडणी परकी वाटण्याचें कारण नाहीं. आमच्या घरांतील सातवीच्या मुलानें एका सुटींत हीं अक्षरें गिरविलीं, आणि आतां पुस्तकाचें नांव वाचून दाखविण्याचा मान त्याजकडे आहे. चित्रलिपीचीं अक्षरें मात्र निराळीं व पुष्कळ आहेत. त्यांसाठीं मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर पान धरलें म्हणजे भाषांतर पडद्यावर उमटतें. पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. जपानींत टांक्यास 'मे' म्हणतात, आणि 'मे' म्हणजे डोळाही. त्यामुळें 'पुढील दोन डोळे एकत्र करा' अशी भयंकर आज्ञा आमच्या ओटीवर एकदां वाचली गेली, व काकूंनीं हातांतली सुई खालीं ठेविली!

आतां खर्चाची गोष्ट. जपानी पुस्तकाच्या मागें किंमत येनमध्यें छापलेली असते, व तीवर तेथील दहा टक्के कर निराळा. टपालखर्च कित्येकदां पुस्तकाच्या बरोबरीचा होतो. म्हणून दोन-तीन घरांनीं मिळून एकदम मागणी करावी. परदेशी छापील पुस्तकांवर २०१९ सालच्या अर्थसंकल्पानें पांच टक्के सीमाशुल्कही बसविलें. आमच्या गांवाच्या नांवांतच नाका आहे, आणि निजामाचें राज्य व वऱ्हाड यांची सरहद्द या भागांतूनच जात असल्यानें शिवेपलीकडून माल आणणें म्हणजे काय, हें येथल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक असे. तथापि हिशेब आधीं करून ठेवणें बरें. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सामानांतून आणविणें. सूनबाईंची मावसबहीण तोक्योंत एदोगावा प्रभागांत निशी-कासाई येथें राहते. त्या वस्तींत भारतीय कुटुंबें पुष्कळ आहेत. याच प्रभागाच्या सभेवर २०१९ सालीं अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक निवडून आले, हें वाचकांस स्मरत असेल. दुसरें पुस्तक, क्रमांक कळवून, तिच्याच पेटींतून आलें. ज्यांचे आप्त सिंगापुरास अथवा दुबईस आहेत, त्यांना किनोकुनिया या जपानी पुस्तकविक्रेत्यांच्या तेथील दुकानांतही चौकशी करतां येईल.

परंतु पैशाचा प्रश्न केवळ रकमेचा नसतो. घराचा जमाखर्च आमचे थोरले बंधू पाहतात. त्यांस सारें घर दादा म्हणतें. पहिलें पुस्तक फसल्यावर दुसऱ्याची गोष्ट निघाली, तेव्हां ते म्हणाले, "घरांत काकू असतां परक्यांचें पुस्तक कशाला?" प्रश्न अवघड होता, कारण त्यांत काकूंविषयींचा आदरही होता. काकूही जरा दुखावल्या होत्या. "माझी वीण काय जपानांतून शिकणार?" असें त्या पुटपुटल्या. त्यावर सूनबाई पहिल्यानेंच मोठ्यांसमोर मोकळेपणीं बोलल्या. त्या म्हणाल्या, "मला त्यांच्या विणी नकोत. त्या लिहितात कशा, तें हवें. तुमचें पान मला लिहून ठेवायचें आहे."

हें ऐकून आम्हांस अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट आठवली, व ती आम्हीं तेथें सांगितली. तोक्योंत १९०१ सालीं स्त्रियांसाठीं एक विद्यापीठ निघालें होतें. त्याची माहिती देणारी एक लहानशी पुस्तिका अण्णासाहेबांच्या हातीं आली. ती त्यांनीं वाचली, आणि १९१५ च्या डिसेंबरांत मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून भाषण करतांना आपल्या देशांतही असें विद्यापीठ असावें असा विचार मांडला. पुढल्याच वर्षीं, १९१६ सालीं, महिला विद्यापीठ उभें राहिलें. शिक्षण मातृभाषेंतून दिलें, मुली इकडच्या, गरजा इकडच्या. परंतु ठिणगी पडली ती एका जपानी पुस्तिकेची. दादा कांहीं वेळ गप्प राहिले. त्या रात्रीं जमाखर्चाच्या वहींत त्यांनीं रक्कम लिहिली ती 'किरकोळ' या सदराखालीं नव्हे, तर जेथें मुलांचीं शाळेचीं पुस्तकें लिहितात त्या सदराखालीं. ही गोष्ट लहान आहे, पण सूनबाईंनीं ती पाहिली, आणि आम्हींही पाहिली.

येथें एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. अशा पुस्तकांच्या पानांचीं छायाचित्रें मोबाइलवरून हातोहात फिरतात, आणि 'फुकट मिळतें तर विकत कां घ्यावें?' असें सुशिक्षित घरांतूनही ऐकूं येतें. एकेका संग्रहांतील विणी बसवितांना लेखिकेनें किती लोंकर विणली व उसविली असेल, याची कल्पना जिनें एक तरी पायमोजा विणला आहे तिला सहज करतां येईल. एका पुस्तकावर चार जावांनीं मिळून विणावें, शेजारणीस आठ दिवस वाचावयास द्यावें. पण साऱ्या पुस्तकाच्या नकला वांटणें म्हणजे बाईच्या कष्टाची किंमत बाईनेंच बुडविणें होय. व्यवहारांतही तें फसतें. छायाचित्रांत तिरप्या रेघांपैकीं वरची कोणती तें दिसत नाहीं, आणि नेमका तोच टांका चुकतो.

पुस्तक हातीं आल्यावर चार गोष्टी संभाळाव्यात. पहिली सुईची. आपल्याकडील जुन्या इंग्रजी मोजणींत नंबर वाढला कीं सुई बारीक होते. जपानी मोजणींत नंबर वाढला कीं सुई जाड होते. आपली १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटर, तर जपानी १० नंबरची ५.१ मिलिमीटर. जपानी नंबर शून्य म्हणजे २.१ मिलिमीटर, व पुढें पंधरा नंबरपर्यंत दर नंबरास ०.३ ची वाढ, एवढें लक्षांत ठेविल्यास कोष्टकाची गरज नाहीं. दुसरी गोष्ट नमुन्याच्या चौकोनाची. पुस्तकांत दहा सेंटिमीटरच्या चौकोनांत किती टांके व किती ओळी याव्यात तें दिलेलें असतें. तेवढा तुकडा विणून, धुऊन, मोजल्याशिवाय सुरुवात करूं नये. समजा, पुस्तकांत २४ टांके आहेत व तुमच्या हातानें २१ येतात. पाठीच्या ४८ सेंटिमीटर रुंदीसाठीं दिलेले ११५ टांके घातले तर पाठ जवळजवळ ५५ सेंटिमीटर होईल, पुढची बाजूही तशीच, आणि नातवाची बंडी आजोबांस येईल.

तिसरी गोष्ट काखेच्या व गळ्याच्या घटीची. तेथें '२-१-३' असे आंकडे असतात. त्यांचा अर्थ, दर दोन ओळींनीं एक टांका, असें तीन वेळां. ही आंकड्यांची उतरंड खालून वर वाचावयाची, कारण विणही खालून वर चढते. चौथी गोष्ट मागच्या ओळींची. आलेख कापडाच्या सुलट्या बाजूनें काढलेला असतो. म्हणून उलट बाजूनें विणतांना जेथें उभी रेघ दिसेल तेथें उलटा टांका घालावा, आणि आडवीच्या जागीं सुलटा. मापें बहुधा एकाच अंगाचीं दिलेलीं असतात. तीं आपल्या माणसास लावून घेण्याचें गणित ज्याचें त्यानें करावें. घरांत गणित शिकणारें मूल असल्यास त्यास हें काम द्यावें.

असो. सूनबाईंच्या पानाचें पुढें काय झालें, तें सांगून हा लेख पुरा करतों. महिनाभर त्यांनीं पुस्तकांतल्या विणी विणल्या. मग एके दुपारीं चौकटींचा कागद घेऊन त्या काकूंच्या जुन्या टोपड्यापाशीं बसल्या. या खेपेस त्यांनीं काकूंस एक शब्द विचारला नाहीं. टोपडें खिडकींत उजेडाशीं धरलें, एकेक टांका बोटानें मोजला, आणि जसा दिसला तसा कागदावर उतरविला. तीन दिवसांनीं वीस ओळींचा आलेख तयार झाला, पण त्यावरून विणलेलें पान अजूनही कललें नाहीं. तें सरळच उभें राहिलें. चूक कोठें आहे तें सांपडेना. तेव्हां त्यांनीं तो कागद काकूंपुढें ठेविला.

काकूंनीं चष्मा लाविला. असला कागद त्यांनीं जन्मांत पाहिला नव्हता, चिन्हें तर मुळींच ठाऊक नव्हतीं. कांहीं वेळ त्या खालून वर पाहत राहिल्या. मग कांपणारें बोट अकराव्या ओळीवर ठेवून म्हणाल्या, "येथें हा उजवीकडे कां झुकला? माझा डावीकडे जातो." सूनबाईंनीं ती एक तिरपी रेघ पुसून दुसऱ्या बाजूस काढली, आणि ओटीवरच विणावयास घेतलें. दिवेलागणीच्या सुमारास पान कललें.

संत नामदेवांचें नांव सांगणारें नरसी आमच्याच जिल्ह्यांत आहे. सुईदोऱ्याच्या धंद्यांत जन्मलेल्या त्या पुरुषाची थोरवी सांगणाऱ्या मुलखानें तरी सुईचें ज्ञान हलकें मानूं नये. ज्यांच्या घरीं अशा काकू, आजी अथवा आत्याबाई आहेत, त्यांनीं ही थंडी सरण्यापूर्वीं त्यांच्या हातची एक वीण चौकटींच्या कागदावर उतरवून घ्यावी, खालीं त्यांचें नांव, गांव व तारीख घालावी, आणि तो कागद त्यांच्याकडून एकदां तपासून घ्यावा. जपानी पुस्तक घ्यावयाचें तें मुख्यतः यासाठीं. आमच्या घरचा कागद आतां देवघराच्या कपाटांत, जन्मपत्रिकांच्या पुडक्यांत ठेविला आहे; माघांत घरीं नवें बाळ यावयाचें आहे, आणि त्याच्या टोपड्याचे टांके सूनबाईंनीं कालच सुईवर घातले.